चैतीची शिक्क्यांची भिंत

मंगळवार, १३ मे १९१९. जव्हार. उकाडा फार. दूध नासले. यजमान पहाटेच घोड्यावरून खोडाळ्याच्या बाजूला हद्दीच्या कामासाठी गेले. सरपणाची गाडी आली. ऐनाच्या एका ओंडक्याच्या सालीखालून विंचू निघाला व तुळशीला चावला. डॉक्टर येऊन गेले. तुळशी दुपारपर्यंत रडत होती, म्हणून स्वयंपाक मी केला. भात चिकट झाला. यापुढे लाकूड सोलल्याशिवाय घरात घ्यायचे नाही. सोलायला बाई पाहिजे.

ती बाई म्हणजे चैती. माझ्या रोजनिशीत ती दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा येते, आणि तीही नुसती ‘कातकरीण, साल काढण्यास’ एवढीच. त्या पावसाळ्यात मात्र अशी वेळ आली की एक शिपाई सोडला तर जंगलखात्याचा कोणीही माणूस तिच्या खोपटावरून जाताना मान खाली घालून भरभर चालू लागला. हे कसे झाले ते आता सविस्तर लिहायला हरकत नाही. ज्यांना ते वाचून अवघडल्यासारखे झाले असते ती माणसे आता राहिलेली नाहीत.

माझे यजमान संस्थानच्या जंगलखात्यात अंमलदार होते. जंगलात कोण काय तोडतो याला काही धरबंध नाही, असे त्यांचे मत होते. जंगल काय खात्याने लावले आहे की त्याने धरबंध घालावा, असे लोकांचे मत होते; पण ते कोणी विचारले नव्हते. यजमानांनी मुंबईहून एक हातोडा करवून आणला. त्याच्या तोंडावर एक गोल, आणि गोलात झाडाचे पान कोरलेले होते. रानातून निघणाऱ्या प्रत्येक लाकडावर हा शिक्का बसला पाहिजे. शिक्क्याची वस्तू संस्थानची. लेखी हुकमाशिवाय ती कोणी हलवायची नाही की मोडायची नाही. बिनशिक्क्याचे लाकूड चोरीचे. अंमलदारांच्या घरी जाणारे सरपण तेवढे शिक्क्यासकट जाळायला मोकळीक होती. हा नियम यजमानांनीच लिहिला. माझे अक्षर कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी वळवलेले, म्हणून त्याची स्वच्छ प्रत मी काढली. जंगल वाचले तर ते या हातोड्याने वाचेल, असे ते जेवताना म्हणत, आणि मी आमटी वाढत असे.

शिक्का लाकडाच्या कापलेल्या टोकावर मारायचा, असे नियमात होते. पण जळाऊ लाकडाची टोके कुऱ्हाडीने तोडलेली, तिरपी आणि फाटकी असत. त्यांच्यावर पान उमटेना. नाक्यावरच्या राघो शिपायाने त्यावर तोड काढली. राघो वाडा गावाकडचा, अंगाने मोठा आणि हुकमाच्या बाबतीत फार सोवळा माणूस. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली असते. राघो कुऱ्हाडीने तिचा वरचा एक पापुद्रा उडवी. आत तांबूस, सपाट जागा मिळे, आणि तिच्यावर हातोडा मारला की शिक्का लोण्यावर उमटावा तसा उमटे. यजमानांनी ते पाहिले आणि राघोची पाठ थोपटली. तेव्हापासून सगळ्या सरपणावर शिक्का सालीवरच बसू लागला.

त्याआधीच्या हिवाळ्यात साखरशेतचा एक म्हातारा मोळी घेऊन बाजाराला आला होता. त्याच्या मोळीतली लाकडे बिनसालीची. त्याचे म्हणणे, लाकूड जुने, साल वाळून गळाली, आणि सालीबरोबर शिक्काही गेला. यजमानांनी मोळी जप्त केली आणि शेरा मारला, ‘साल गळाली ही सबब चालणार नाही. शिक्का जिथे नाही, ते लाकूड चोरीचे.’ न्यायाचा हा नमुना ते पाहुण्यांना सांगत. जप्त झालेली मोळी आमच्याच परसात आली. चांगली जळली.

असे सगळे रीतसर चालू असताना तो विंचू निघाला.

चैतीला तुळशीनेच आणले. तुळशी आमच्याकडे स्वयंपाक करी. तिचा हात अजून सुजलेला होता आणि त्याचा राग ती चैतीवर काढी. चैती वयाने माझ्याएवढीच असेल, काटकुळी, हसताना एका बाजूचा दात पडलेला दिसे. तिचा नवरा जिव्या खाली समुद्राकडे मिठागरावर कामाला होता. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणे. मला ‘तू’, यजमानांनाही ‘तू’. तिच्या बोलीत आदराचे ‘तुम्ही’ नव्हतेच, आणि आमच्यासाठी ते नवीन शिकावे असे तिला वाटले नाही.

ओंडका दोन दगडांवर आडवा टाकून ती कुऱ्हाड उलटी धरी आणि मागच्या बोथट बाजूने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत बडवी. मग कोयत्याने एक सरळ चीर पाडून तिच्यात बांबूची पाचर सारी. पाचर पुढे गेली की साल चर्र आवाज करीत सुटे आणि आतून फिकट, ओलसर लाकूड बाहेर पडे. मे महिन्यात झाडात रस चढलेला असतो, त्यामुळे साल अखंड निघे, एखाद्या घडीव पन्हाळीसारखी.

“बाय, हा काय प्रकार?” तिने पहिल्याच दिवशी विचारले. “लाकडाची कापडं काढून मग चुलीत घालतेस? तुमच्यात तर मेलेल्या माणसाला पण कापड घालून जाळतात.”

“विंचू असतात सालीखाली,” मी म्हणाले.

“असणारच. घर हाय त्याचं.”

“तुला काय करायचंय?” तुळशी आतून ओरडली. “मला चावला तो! सोल गप.”

“सोलते ना, ताय. पण त्याचं घर फोडलंस, तवा चावला. माझं फोडलंस तर मी पण चावेन.”

“बघा बाईसाहेब, बघा! आत्ताच आली आणि चावायच्या गोष्टी करते.”

मजुरी काय घेणार म्हणून विचारले तर ती म्हणाली, तांदूळ दे आणि साल दे. तांदूळ दिले. साल तर आम्हाला नकोच होती. ती परसातून कोणी हलवील तर उपकारच. चुलीत घालत असेल, असे मला वाटले. रोज संध्याकाळी ती सालींचा भारा डोक्यावर घेऊन जाई, आणि प्रत्येक सालीवर राघोच्या हातोड्याचे गोल पान असे.

सोललेले लाकूड लवकर वाळते, धूर कमी करते, आणि परसात रचून ठेवले की दिसतेही छान. डॉक्टरांच्या बायकोने ते पाहिले. मग मामलेदारांच्या बायकोने पाहिले. थोड्याच दिवसांत जव्हारातल्या प्रत्येक अंमलदाराच्या परसात पांढरीफेक लाकडे रचलेली दिसू लागली, आणि प्रत्येक परसातून चैती सालीचा भारा घेऊन जाऊ लागली. एखादी गोष्ट स्वच्छ आहे असे एकदा ठरले की ती कशासाठी सुरू झाली हे कोणी विचारीत नाही.

मे संपत आला तशी एके दिवशी चैती पाचर हातात धरून नुसतीच बसलेली दिसली. चैती कधी नुसती बसत नसे, म्हणून मी बाहेर गेले.

“बाय, तुझ्या साहेबानं माझ्या खोपटापुढं पांढरा दगड ठेवलाय.”

यजमान ज्या हद्दीसाठी घोडा दमवीत होते ती ही हद्द. राखीव जंगल कुठे सुरू होते हे लोकांना कळावे म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे काम चालले होते. चैतीचे खोपट गावाखालच्या उतारावर, साखरशेतच्या वाटेला होते. रेघ तिच्या दारासमोरून गेली होती, आणि खोपट रेघेच्या आत, जंगलाच्या बाजूला पडले होते.

“राघो बोलतो, दगडाच्या आत खोपट नाय चालत. पावसाच्या आधी मोडायचं.”

“तुम्हा लोकांचं काय जातंय?” तुळशी दारात येऊन म्हणाली. “आज इथं, उद्या तिथं. चार काठ्या उचलायच्या नि निघायचं.”

“काठ्या उचलीन ग. वेल कसा उचलू?”

वेल दुधीचा होता. तो तिने खोपटाच्या कोपऱ्याला, भांडी धुतल्याचे पाणी जाते तिथे लावला होता. तो नुकता दोन-चार पानांवर आला होता. मी म्हणाले, दुधी बाजारात मिळतो, मी देईन. तेव्हा तिने मला सगळे सांगितले, रडून नव्हे, एखाद्या विनोदी माणसाची गोष्ट सांगावी तसे. लग्न झाले तेव्हा ती खोडाळ्याकडे एका शेतकऱ्याच्या बांधावर राहत होती. वेल लावला. फुले आली आणि शेतकऱ्याला बांध पाहिजे झाला. मग कोळशाच्या भट्टीवर गेली. तिथे वेल लावला. भट्टी बंद पडली. मग साथ आली, त्यात वस्ती जाळून टाकली, आणि त्या वेलाला तर बोटाएवढे दुधी धरले होते.

“जिथं गेले तिथं लावला. माझ्या वेलाचा दुधी मी अजून खाल्ला नाय, बाय. गाय खाते, शेठ खातो, माकड खातो. मी नाय.” मग तिने जोडले, “दुसऱ्याच्या वेलाचे खाल्लेत. ते खोटं कशाला बोलू.”

“मग एवढ्याचसाठी राहायचंय होय तुला?” तुळशीने विचारले.

“हां. हा दुधी खाईन, मग साहेब बोलेल तिथं जाईन. मोडायचं तर तवा मोडा.”

दुपारी यजमान जेवायला बसले तेव्हा मी विषय काढला. ते वाईट नव्हते. त्यांनी हातातला घास खाली ठेवून ऐकून घेतले.

“रेघ नकाशावर आहे,” ते म्हणाले. “नकाशावर वेल दाखवलेला नाही.”

“पण दुधी येईपर्यंत थांबलं तर?”

“एका दुधीसाठी थांबलो तर दुसरा कुणी फणसासाठी थांब म्हणेल. त्यापेक्षा तिनं खोपट हातभर सरकवावं. रेघेच्या बाहेर आली की माझं काही म्हणणं नाही.”

रेघेच्या बाहेर साखरशेतच्या एका शेतकऱ्याचे नाचणीचे रान होते, आणि तो आपल्या रानात खोपट येऊ देणार नव्हता. यजमानांनी नकाशावर तेही पाहिले नव्हते, कारण नकाशावर स्वभाव दाखवीत नाहीत. मी चैतीला निरोप दिला. तिने तो नीट ऐकला.

“मग साहेबाला सांग, रेघ हातभर सरकव. रेघेला काय, बाय? नुसते दगड. तिला चूल नाय, वेल नाय. ती कुठं पण राहील.”

हे काही मी यजमानांना सांगितले नाही. मी चैतीला माझे एक जुने पातळ दिले. अशा वेळी आम्ही बायका जुने पातळ देतो.

तिने ते उलटसुलट करून पाहिले. “बरं हाय. पण साल?”

“साल काय?”

“साल नेऊ ना? मोडेपर्यंत?”

“ने बाई, ने. सगळी ने,” मी म्हणाले.

खोपट मोडायला राघो दोन माणसे घेऊन सकाळीच गेला. यजमान ओट्यावर चहा पीत होते. मी शेजारी वेलची सोलत बसले होते. चहा संपायच्या आत राघो एकटाच परत आला आणि पायरीखाली उभा राहिला.

“मोडलं?” यजमानांनी विचारले.

“नाही साहेब.”

“का?”

“साहेब, ते खोपट संस्थानचं आहे.”

यजमानांनी कप खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“कुणी म्हणत नाही साहेब. शिक्के आहेत.”

“कशावर?”

“भिंतीवर. सगळ्या भिंतीवर. आपलाच शिक्का, पानाचा. मी हात लावला नाही. नियम आहे, शिक्क्याची वस्तू लेखी हुकमाशिवाय मोडायची नाही. तर हुकूम द्या, म्हणजे मोडतो.”

यजमान माझ्याकडे बघू लागले. मी वेलचीकडे बघितले. मग ते उठून टोपी घालून निघाले, आणि सकाळची हवा चांगली आहे असे म्हणून मीही निघाले.

खोपटाची पावसाकडची भिंत नवीन होती. कारवीच्या कुडावर ऐनाच्या साली एकीवर एक, कौले रचावीत तशा खालून वर बांधत नेल्या होत्या. पाऊस आत यायला कुठे फट नव्हती. प्रत्येक सालीवर एक तांबूस चट्टा आणि चट्ट्यावर गोल पान. काही शिक्के सरळ, काही आडवे, काही उलटे. आमच्या परसातले, डॉक्टरांच्या, मामलेदारांच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटले असते की संस्थानने मोठ्या हौसेने इथे एक कचेरी उघडली आहे. राघोबरोबर आलेली दोन माणसे तिच्यापासून अंतर राखून उकिडवी बसली होती. चैती दारात बसून वेलाच्या बुडाशी माती ओढत होती. वेल आता कुडाला लागला होता.

“हे काय आहे?” यजमानांनी विचारले.

“साल हाय, साहेब.”

“ते दिसतंय. शिक्के कुणी मारले?”

चैतीने हनुवटीने दाखवले. “यानंच की. राघोनं.”

“मी लाकडावर मारले, साहेब!” राघो म्हणाला. “लाकूड कुठं गेलं ते मला ठाऊक नाही.”

“माना ठाव हाय,” चैती म्हणाली. “तुझ्या चुलीत गेलं, साहेब. ही बाय बोलली, साल ने. तांदूळ न् साल, अशी मजुरी ठरली. विचार तिला.”

यजमानांनी मला विचारले नाही.

“शिक्के बाहेरच्या बाजूला का लावलेस?” त्यांनी चैतीला विचारले.

“साल अशीच घालतात. झाडानं अशीच घातलेली. उलटी कोण घालतो?”

हे खरे होते. एवढे मात्र मला दिसले की मागच्या बाजूला, जिथून कोणी येत-जात नाही, तिथे नुसता कारवीचा कुड होता, एकही साल नव्हती. पाऊस ज्या बाजूने येतो त्याच बाजूने वाट येते, हेही खरेच. चैतीने ते मुद्दाम केले की नाही, याचा विचार मी पुढे अनेकदा केला. तिला विचारावेसे मात्र कधी वाटले नाही. ती ‘हां’ म्हणाली असती तरी मला पटले असते, आणि ‘नाय’ म्हणाली असती तरी.

“ह्या साली काढून टाक,” यजमान राघोला म्हणाले. “मग मोड.”

“लेखी हुकूम, साहेब?”

“देतो.”

“त्यात काय लिहायचं, तेवढं सांगा,” राघो म्हणाला. त्याच्या आवाजात कुठेही थट्टा नव्हती. राघोला थट्टा येतच नसे. “शिक्क्याची वस्तू मोडली म्हणून वरून विचारणा होईल. मग वस्तू कुठून आली ते लिहावं लागेल. आपल्या बंगल्यातून आली असं लिहू?”

यजमानांनी टोपी सरळ केली.

“शिक्का सालीवर होता म्हणून खोटा, असंही लिहिता येईल,” राघो पुढे म्हणाला. “पण मग नाक्यावरून सुटलेलं सगळंच सरपण खोटं होतं. आणि साहेब, दुसरं एक.”

“काय?”

“शिक्के सगळे इथं आहेत. म्हणजे आपल्या परसात जे लाकूड आहे, ते बिनशिक्क्याचं झालं. डॉक्टरसाहेबांचं पण, मामलेदारसाहेबांचं पण. साल निघाली ही सबब चालत नाही, असा आपलाच शेरा आहे. तर ते... धरायचं का, साहेब?”

मी दुसरीकडे तोंड फिरवून नाचणीचे रान पाहू लागले. रानात काहीच उगवलेले नव्हते, पण मी बराच वेळ पाहिले.

चैतीला या सगळ्यातले एकच कळले होते की मोठी माणसे अडकली आहेत. ती उठून आत गेली आणि यजमानांसाठी पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले, आणि रिकामा तांब्या हातात धरून भिंतीकडे पाहत राहिले. आपल्या हातोड्याचे काम इतके नीटनेटके एका जागी त्यांनी यापूर्वी कधी पाहिले नसावे.

“राघो,” ते शेवटी म्हणाले, “ह्या साली संस्थानच्या आहेत. त्या आहेत तिथंच राहतील. हुकूम होईपर्यंत ही बाई त्या सांभाळील.”

“म्हणजे खोपट?”

“साली खोपटाला बांधलेल्या आहेत ना?”

“आहेत साहेब.”

“मग साली राहतील तोवर खोपट राहील.”

राघोच्या चेहऱ्यावर मोठे समाधान पसरले. त्याला नियम पुन्हा जागेवर बसलेला दिसला. तो चैतीकडे वळला आणि ठणकावून म्हणाला, “ऐकलंस? हुकमाशिवाय हलायचं नाही इथून. खोपट सोडून गेलीस तर गुन्हा होईल.”

चैतीने यजमानांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “म्हणजे काल बोललात राहायचं नाय. आज बोलता जायचं नाय?”

“जायचं नाही,” यजमान म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. “वेलाला दुधी येईपर्यंत नाय जात. मग बघू.”

परत येताना यजमान वाटेत एवढेच बोलले की यापुढे घरात लाकूड सालीसकटच जळेल, शिक्का आणि लाकूड यांची ताटातूट पुन्हा होता कामा नये. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या अंमलदारांना तसे कळवले आणि नियमात एक कलम वाढवले. त्याचीही प्रत मीच काढली. चैतीचे आमच्याकडचे काम अर्थातच बंद झाले. संस्थानच्या मालाची राखणदारीण म्हणून तिला काही मिळावे, असे मी सुचवून पाहिले. तशी जागाच मंजूर नाही, असे उत्तर आले. मग तांदूळ मीच देत राहिले, ते कोणाला कळवण्याचे कारण नव्हते. तुळशी रोज पहाटे कोळसा घेऊन ओंडक्यांभोवती काळी रेघ ओढी, विंचू रेघ ओलांडीत नाही म्हणून. ही रेघ तरी कोणाच्या घरावरून गेली नाही.

जिव्या मिठागरावरून परतला तेव्हा खोपटावर छप्परही शाबूत होते आणि नवी भिंतही होती. त्याला दोन्हींचा अर्थ लागेना. त्याने घाटाखाली, वाड्याकडे दुसरे काम पाहून ठेवले होते आणि उद्याच निघू म्हणत होता. चैती ही गोष्ट मला ओट्याच्या पायरीवर बसून सांगे.

“मी बोलले, माना जाता नाय येत. साहेबानं बांधून ठेवलंय. तो बोलला, काय चोरलंस? मी बोलले, काय नाय, संस्थानची भिंत सांभाळते. तर तो भिंतीकडं बघत बसला. बोलला, एवढी मोठी झालीस?”

“मग गेला का तो वाड्याला?”

“कशाला जातोय! राघो जाता-येता भिंतीला नीट बघतो, शिक्के मोजतो. जिव्याला वाटतं माझ्यावर पहारा हाय. तो आता राघोला चिलीम देतो.”

तो हुकूम कधीच आला नाही. यजमानांनी तो मागितला नाही, आणि त्यांच्या जागी पुढे जे आले त्यांना ते जुने प्रकरण उघडायची उमेद झाली नाही, कारण ते उघडले की पहिल्याच पानावर अंमलदारांची परसे लागत होती. काही पावसाळ्यांनी साली कुजल्या, शिक्के विरले, चैतीने त्यांच्या जागी कुड सारवला. पण तोपर्यंत ते खोपट तिथे असायचेच, अशी सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाली होती. पुढे हद्द पुन्हा आखली तेव्हा नव्या मोजणीदाराने वाटेवरची खूण म्हणून ते नकाशावर दाखवले. रेघ त्याला वळसा घालून गेली. यजमान तेव्हा असते तर त्यांना हे सांगायला मला आवडले असते. चैती शेवटपर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात कधी तिला जायचे असेल तर जाऊ दे, असे मी यजमानांकडून कबूल करून घेतले होते. तिने ती परवानगी कधी मागितली नाही.

पण हे सगळे नंतरचे. त्या वर्षी श्रावणात पावसाची उघडीप पडली तेव्हा चैती आली. अंगावर माझे जुने पातळ होते, आणि पदराखाली काहीतरी धरलेले. यजमान ओट्यावर कागद पाहत होते. ती सरळ त्यांच्यासमोर गेली आणि पदर बाजूला केला. आत एक दुधी होता, हातभर लांब, पोपटी, अंगावर अजून लव असलेला.

“हा दुसरा,” ती म्हणाली. “पहिला मी खाल्ला.”

“कसा होता?” यजमानांनी विचारले. त्यांना काहीतरी विचारणे भाग होते.

चैतीने थोडा विचार केला. “दुधीसारखाच होता, साहेब. माना वाटलं वेगळा लागेल.” आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की आतून तुळशी काय झाले म्हणून धावत आली.

“मग आता साहेब सांगतील तिथं जाणार ना?” तुळशीने तिला आठवण दिली. “तूच बोलली होतीस.”

“बोलले होते. साहेबानं सांगू दे की.”

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि हातातला कागद वाचू लागले. चैती थोडा वेळ थांबली. मग दुधी माझ्या हातात देऊन उतारावरून घरी गेली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट १९१९. दिवसभर उघडीप, गाद्या उन्हात घातल्या. चैतीने दुधी आणून दिला. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली, यजमानांनी दोनदा मागून घेतली. लाकूड सालीसकट असल्याने धूर फार झाला.